दारातली नाव

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

भाऊबीज. बहिणीकडे कुरुंदवाडला गेलो, ओवाळून घेतलं, पोटाला तडस लागेपर्यंत जेवलो. परत उचगावला येताना म्हटलं, आपल्या जुन्या गावावरून जाऊ, गुंडूला भेटू. शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही. आता वर्ष-वर्ष भेट नसते.

गुंडू घरी नव्हता. भाऊबीजेच्या दिवशीसुद्धा वीटभट्टीवर गेला होता. त्याची बायको चिमणाबाई म्हणाली, "बसा भावजी, येतील की आता." मी हात धुवायला परसात गेलो आणि बाभळीखाली नाव दिसली. तीच नाव. एकवीस सालच्या महापुरात आक्काला हिनंच आमच्या घराच्या पत्र्यावरून उतरवून घेतलं होतं. आक्का म्हणजे आमची आई, सगळं गाव तिला आक्काच म्हणतं; तेव्हा ती गावात एकटी राहायची, आता आमच्याकडं असते. मी तेव्हा इकडं उचगावात दुकानात बसून फोन लावत होतो, रस्ते सगळे बंद, आणि गुंडूनं तिला पाण्यातून वाट काढत शिरोळला सुखरूप पोचवलं. त्या नावेत आता पालापाचोळा, एक फाटकी गादी, आणि इंजिनाच्या खोक्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली.

गुंडू आला तसा मी त्याला चांगलं झापलं. "अरं, जनावर असतं तर ओरडलं तरी असतं. हिला काय तोंड न्हाय म्हणून हे हाल?"

"असू दे रं नेमा. कोण वापरतंय तिला आता."

"मग मासं कोण धरणार?"

"भट्टीवर बरं हाय की."

बरं कसलं? बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या आणि बोलताना खोकत होता. माणूस भोई, नदी दारात, आणि हा विटा वाहतोय. अंगात आळस भरलाय, दुसरं काही नाही. घरी येऊन तसं म्हणालो, तर आमच्या सौ., सीताबाई, म्हणाल्या, "दिवसभर विटा वाहणाऱ्याला आळशी म्हणणारे तुम्हीच पहिले." तिला यातलं काही कळत नाही.

६ नोव्हेंबर

डोक्यातून नाव जात नाही. जिच्यात आपली आई वाचली ती अशी कुजू द्यायची? विजेच्या मोटारी बांधण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. दुकान आहे, हत्यारं आहेत, रविवार मोकळा असतो. गुंडूला फोन केला, म्हटलं नाव इकडं पाठव, वायरिंग मी नवीन करून देतो, इंजिन समोरच्या गॅरेजचे हंबीरराव बघतील. गुंडू तीनदा नको म्हणाला. मग फोन चिमणाबाईनं घेतला. "न्या भावजी. तुमी न्याच," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. उद्याच टेम्पो सांगतो.

१० नोव्हेंबर, रविवार

नाव आली. सोबत माशांचा वासही आला. फायबरची असली तरी इतक्या वर्षांचा वास तो, कोंबड्यांनाही दाबता आला नव्हता. सीताबाईंनी पदर नाकाला लावून सांगितलं, "फाटकाच्या आत आणायची नाही." म्हणून दुकानासमोर रस्त्याकडेला टायरांवर ठेवली. सोडा टाकून चार बादल्या पाण्यानं धुतली. समोर गॅरेज असलेले हंबीरराव चहाचा कप घेऊनच आले.

"आण्णा, पापलेट कसं लावलंय आज?"

दिवसभरात हा प्रश्न मला सात-आठ जणांनी विचारला. जैनाच्या दारात मासेमारीची नाव म्हटल्यावर उचगावकर मोकळं कसं सोडतील? मीही शेवटी एकाला भाव सांगून टाकला.

मनात एक खुटखुट आहे, ती लिहून ठेवतो. आपल्या हातानं दुरुस्त झालेल्या नावेत मासे मरणार, त्याचं काय? मग मी स्वतःला समजावलं की मी फक्त वायर ओढतोय, जाळं नाही. गुऱ्हाळाची मोटार बांधून दिली म्हणून तो गूळ मी खाल्ला असं होत नाही. हे बरोबर आहे की नाही माहीत नाही, पण झोप लागण्यापुरतं पुरलं.

दुपारी आक्का काठी टेकत बाहेर आली. नावेच्या काठावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. "आलीस व्हय गं," म्हणाली, जशी लेक माहेरी आलीय. मग खुर्ची मागवून तिथंच माळ ओढत बसली.

१७ नोव्हेंबर, रविवार

जुनी वायर सगळी उपटून काढली. उंदरांनी वरचं आवरण कुरतडून आतलं तांबं उघडं केलेलं, बॅटरीच्या टोकांवर हिरवा चुरा साचलेला. डायनामो मात्र नुसता मळला होता. तो मी खोलून, धुवून, वार्निश मारून उन्हात ठेवला. नावेच्या पोटाला दोन भेगा होत्या, त्या पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्याकडून भरून घेतल्या.

गुंडू एसटीनं आला. आधी नावेजवळ येईना, दुकानातच स्टुलावर बसून माझ्या जुन्या कॉइली बघत होता. मग हळूच गेला. वल्ह्याची कडी आवळली, एक फडकं मागून घेतलं आणि आतून सगळी पुसून काढली. कुठल्या फळीखाली कुठला खिळा आहे ते त्याला न बघता कळत होतं. मधेच बसला नावेत, रस्त्याकडे तोंड करून. समोरून ट्रक, उसाचे ट्रॅक्टर जात होते आणि हा हात सुकाणूवर ठेवून बसलेला. मी म्हटलं, "कुठं चाललास पावणं?" तर लाजून उतरला.

आमच्याकडं सूर्य मावळायच्या आत जेवणं होतात. गुंडूलाही आक्कानं बसवलंच. तो जेवायला बसण्याआधी तिच्या पाया पडला.

"नाव बरी व्हतीया न्हवं?" आक्कानं विचारलं.

"व्हय आक्का. तुमचीच हाय ती."

बोलण्याची एक पद्धत असते गुंडूची, जुन्या माणसांसारखी.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज फजिती झाली. चार संध्याकाळी बसून वायरिंग पूर्ण केलं होतं. बॅटरीपासून स्विचपर्यंत, स्विचपासून पुढच्या दिव्यापर्यंत, मागचा लाल दिवा, हॉर्न. प्रत्येक जोड सोल्डर केलेला, पट्टीत बसवलेला, रेषेत. हंबीररावांनी इंजिनात नव्या रिंगा बसवल्या होत्या. बटण दाबलं आणि पहिल्या झटक्यात इंजिन सुरू झालं. दिवे लागले. मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. रस्त्यावरची चार माणसंही थांबली.

अर्ध्या तासात एकेक करून सगळं विझलं. आधी हॉर्न, मग लाल दिवा, मग पुढचा.

हंबीररावांनी एक वायर ओढून बघितली आणि खो खो हसायला लागले. मी घरात वापरतात ती एकाच जाड तारेची वायर वापरली होती. भिंतीत ती पन्नास वर्षं टिकते. पण इंजिन थरथरतं, त्याबरोबर तार हलून हलून आत तुटते. "आण्णा, नाव हाय ही, बंगला न्हवं. बारीक तारांची लवचिक वायर पायजे की हिला." मला माहीत नव्हतं असं नाही. पण हात सवयीनं त्याच बंडलाकडे गेला. जमिनीवरचा माणूस मी, न हलणाऱ्या वस्तूंचं काम केलेला. पुन्हा सगळं उपटलं.

गुंडू आजही आला होता, तो उपटलेल्या वायरी गोळा करायला लागला. मला वाटलं, काम लांबलं म्हणून त्याला बरंच वाटलं असावं.

१ डिसेंबर, रविवार

नवी वायर झाली. इंजिन दोन तास चालवलं, दिवे टिकले.

आज गुंडूला मनातलं विचारूनच टाकलं. म्हटलं, "पुढचा दिवा किती मोठा पायजे? जाळ्यावर उजेड पायजे असंल तर तसं सांग." हे विचारताना माझा आवाज जरा चोरटा झाला होता, कारण आक्का जवळच बसली होती.

"जाळं न्हाय लावायचं," गुंडू म्हणाला.

"मग नाव कशाला?"

"माणसं न्यायची. दत्तजयंतीला दत्ताच्या वाडीला लई गर्दी असती. पैलतीरावरनं लोक येत्यात."

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. घरात जाऊन सीताबाईंना मोठ्यानं सांगितलं, ही नाव आता भक्तांसाठी आहे, मासे वगैरे काही नाही. ती म्हणाली, "वाडीच्या घाटावर काय नावा कमी आहेत?" मी म्हटलं, तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. पुढचा दिवा मोठाच बसवला, एलईडीचा, फुकट. खुटखुट मिटली.

८ डिसेंबर, रविवार

नावेचा नांगर आणि दुसरं वल्हं गावाकडं राहिलं होतं, ते रंगवून घ्यावं म्हणून आणायला गेलो. गुंडू भट्टीवर. चिमणाबाई नुकतीच बाजारातून आली होती, डोक्यावर रिकामी पाटी. ती दलालाकडून तळ्यातले मासे घेऊन विकते. भोयाची बायको दुसऱ्याचे मासे विकत घेते, हे मला चमत्कारिक वाटलं आणि मी तसं बोलून दाखवलं. म्हटलं, "आता नाव तयार हाय, पण हा गडी माणसं न्यायची म्हणतोय. त्याला म्हणावं, वर्षातनं एकदा दत्तजयंती येती. एवढा आळशी कसा झाला गं हा?"

तिनं पाटी खाली ठेवली. "भावजी, तुमास्नी खरंच म्हाईत न्हाय?"

"काय?"

मग तिनं सांगितलं. पुरात आक्काला नावेत घेतलं तेव्हा खाली गावाची घरं बुडालेली, वरून पाऊस. आक्कानं नावेची कड घट्ट धरली होती. ती म्हणाली, "गुंडू, हिनं जीव वाचवला. आता हिच्यात मासं मारू नगंस." आणि गुंडू वल्हं मारता मारता म्हणाला, "न्हाय मारणार आक्का."

"आन् त्ये गडी शब्दाचं," चिमणाबाई म्हणाली. "पाणी उतारलं, तसं नाव बाभळीखाली आणून टाकली. म्हटलं, हिच्यातनं नगं तर दुसऱ्याच्या नावंतनं जावा. तर म्हणाले, एका नावंतनं सोडून दुसऱ्या नावंतनं धरलं, तर शब्द कसला ऱ्हायला? जाळं माळ्यावर हाय. रात्री झोपंत हात हलत्यात त्यांचं, जाळं फेकल्यागत. भट्टीच्या धुरानं छाती भरलीया. मीच म्हटलं, न्या नाव. म्हटलं, तुमी तर त्यांचं दोस्त, तुमी तरी काय सांगशीला त्यास्नी."

मी तिथंच पायरीवर बसलो. खरं लिहायचं तर आधी मला अभिमान वाटला. माझ्या आईच्या एका वाक्याला एवढी किंमत! मग मी महिनाभर त्याला काय काय बोललो ते आठवायला लागलं, आणि नांगर तिथंच विसरून आलो.

१० डिसेंबर

दोन दिवस दुकानात मन नाही. एक मोटार उलटी बांधली, पंखा उलटा फिरला.

गुंडूला जाऊन म्हणावं, सोड तो शब्द, तर तो ऐकणार नाही. शब्द मला दिलेला नाही. आक्काला दिलाय. आणि आक्काला काय म्हणू? जन्मभर पाणी गाळून पिणारी बाई, वाटेतली मुंगी बघून पाय टाकणारी. तिला जाऊन सांगू की गुंडूला मासे मारायला सांग? मुलानं आईकडं मागायची ही गोष्ट आहे का? आणि नाही मागितलं तर गुंडू भट्टीत खोकत खोकत संपून जाईल, आणि वर नाव चकचकीत करून त्याच्या डोळ्यांसमोर ठेवल्याचं काम माझं.

सीताबाईंना सगळं सांगितलं. तिनं पोळी लाटायची थांबवली नाही. "तुम्ही का ठरवताय? आक्कांना दिलेला शब्द आहे, त्यांना सांगा."

१२ डिसेंबर

सांगितलं. दुपारी, नावेजवळच.

आक्कानं माळ मांडीवर ठेवली. "मी असं म्हटलं?"

"चिमणाबाई म्हणती तसं."

"मला काय बी आठवत न्हाय रं. णमोकार मंत्र म्हणत हुतो मी, तेवढंच आठवतंय. डोळं मिटून."

ज्या शब्दासाठी त्या माणसानं नदी सोडली, तो हिच्या ध्यानातही नाही. तिला कळावं म्हणून मी परत सगळं सांगायला लागलो, भट्टी, खोकला, दलालाचे मासे. तिनं हात वर करून थांबवलं. तिला पहिल्या सांगण्यातच कळलं होतं. माळ मांडीवर तशीच पडली होती.

"नाव कधी न्यायची?"

"पुढल्या रविवारनंतरच्या रविवारी."

"मी येणार," म्हणाली. मला वाटलं, नावेला हात जोडायला येत असेल.

१४ डिसेंबर

दत्तजयंती. गुंडू वाडीला जाऊन आला. फोनवर म्हणाला, तिथल्या नावाड्यांच्या पाळ्या ठरलेल्या, बाहेरच्याला जागा नाही. "बगू की, काय तरी व्हईल," असंही म्हणाला. मला सगळं माहीत झालंय हे मी बोललो नाही.

२२ डिसेंबर, रविवार

सकाळी टेम्पोत नाव, पुढं ड्रायव्हरशेजारी आक्का, मागं मी आणि सीताबाई मोटारसायकलवर. हंबीररावांनी हार आणून नावेला घातला, आणि या खेपेला भाव विचारला नाही.

नदीवर गार होतं. चिमणाबाईनं नावेला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. गुंडूनं बटण दाबलं. इंजिन सुरू झालं, दिवे लागले, हॉर्नही वाजला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, कारण आक्का नावेत चढायला लागली होती.

"आक्का, पाय घसरंल," गुंडू धावला.

"धर मला. हितंच बसलो हुतो न्हवं मी? ह्या फळीवर?"

"व्हय."

"चल, मधी घे."

मीही चढलो. नदीच्या मध्यावर गेल्यावर तिनं इंजिन बंद करायला लावलं. आवाज थांबला. पलीकडच्या काठावर कोणीतरी कपडे धूत होतं.

"गुंडू, पुरात मी तुला काय म्हटलं ते मला आठवत न्हाय. मला लई भ्या वाटत हुतं."

गुंडूनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"आमच्यात नियम ज्याचा त्यानं घ्यायचा असतो. दुसऱ्याला कुणी लावत न्हाय. मी माझा तुझ्या मानंवर ठेवला आन् घरी जाऊन आरामात बसलो. ते चुकलं माझं. आता तो मला परत दे."

"शब्द दिल्ता मी, आक्का."

"मलाच दिल्तास न्हवं? मग मीच सोडतो तुला."

"तुमाला पाप लागंल."

"ते माझं मी बगीन. तुझं तू बग."

गुंडूनं पाण्याकडं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. मला त्याच्या पाठीवर हात ठेवायचा होता, पण नाव डुलेल म्हणून मी जागचा हललो नाही. असला वेडेपणा मला त्या वेळी सुचला.

काठाला लागल्यावर आक्कानं चिमणाबाईला विचारलं, "जाळं कुठाय?" चिमणाबाई पळतच घरी गेली. माळ्यावरचं जाळं आणून तिनं काठावर ठेवलं, कोळिष्टकांसकट. मी पुढं झालो. म्हटलं, आक्का, तू नको हात लावू, मी ठेवतो. "तू न्हाय," ती म्हणाली. वाकली, दोन्ही हातांनी जाळ्याचं एक टोक उचललं आणि नावेत टाकलं. बाकीचं आपसूक गुंडूनं ओढून घेतलं. सीताबाईंनी माझा दंड घट्ट धरला होता.

आक्कानं नदीच्या पाण्यानं हात धुतले. मग नदीकडं पाठ करून पायरीवर बसली आणि माळ काढली. मागं इंजिन सुरू झालं आणि आवाज लांब लांब जात राहिला. ती वळली नाही. मी मात्र वळून बघत होतो. वायर कुठं तुटली नाही.

२३ डिसेंबर

सकाळी चिमणाबाईचा फोन. आज बाजारात तिच्या पाटीत घरचे मासे होते. गुंडूला रात्री झोप आली नाही म्हणे, पण खोकल्यानं नव्हे. माशांबद्दल आनंद व्यक्त करायची मला सवय नाही. "बरं झालं," म्हणालो, आणि मनापासून म्हणालो.

आक्कानं काल नदीवरून आल्यापासून उपवास धरलाय, नुसत्या गरम पाण्यावर. तीन दिवसांचा. या वयात इतकं कशाला, म्हणून मी आज तिच्याजवळ बसून समजावलं. प्रायश्चित्त घ्यायचंच तर एक दिवस पुरे, म्हटलं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"गुंडूनं साडेतीन वर्सं काढली की रं. मला तीन दिस काय जड हाईत?"

संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत सीताबाईंनी एकच ताट घेतलं, माझं. मी ते परत ठेवायला सांगितलं. तिनं काही न विचारता ठेवलं आणि स्वतःसाठीही वाढून घेतलं नाही.